गाणे तयार आहे, आता ते सापडले पाहिजे : स्वतंत्र संगीतकारांसाठी पहिल्या गाण्यापासूनची वाट

सदाशिव पेठेतल्या एका लहान सभागृहात एका तरुण गायिकेचा स्वतःच्या रचनांचा कार्यक्रम होता. कार्यक्रम संपल्यावर पन्नाशीच्या एक बाई तिच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "ते दुसरं गाणं मनातून जात नाहीये, कुठे ऐकायला मिळेल?" तिने उत्तर दिले, "यूट्यूबवर माझं नाव टाका काकू, येईल." त्या बाईंनी दारातच चष्मा लावून फोनवर तिचे नाव मराठीत टाइप केले, पण गाणे आले नाही. ते तिने रोमन लिपीत, आडनाव गाळून, आणि गाण्यात कुठेही न येणाऱ्या एका इंग्रजी शीर्षकाखाली चढवलेले होते. दोन-तीनदा खटपट करून बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला आणि त्या रिक्षा पाहू लागल्या. मी शेजारीच उभा होतो, आणि तेव्हापासून नव्या संगीतकारांशी बोलताना मी याच प्रसंगापासून सुरुवात करतो.

गाणे अनोळखी लोकांपर्यंत कसे पोहोचवायचे, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. त्याच्या आधीचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि तो असा, की ज्याला आपले गाणे हवेच आहे, त्याला तरी ते मिळते आहे का? साउंडक्लाउड, बँडकॅम्प, यूट्यूब, स्पॉटिफाय, जिओसावन या सेवा गाणे पुढे सरकवतात ते आधीच्या ऐकणाऱ्यांच्या वागण्यावरून. कोणी ते शेवटपर्यंत ऐकले, जपून ठेवले, पुन्हा लावले, दुसऱ्याला पाठवले, तर त्या सेवेला त्याची ओळख पटू लागते. त्यामुळे पहिले पन्नास ऐकणारे कोण आहेत आणि ते गाण्यापर्यंत विनासायास पोहोचतात का, यावर पुढचे बरेच काही ठरते. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्या काकूंना त्याच रात्री गाणे मिळावे, याच हेतूने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : एक नाव, एकच लेखन

कोणतेही खाते उघडण्यापूर्वी कलाकार म्हणून आपण कोणते नाव लावणार, हे ठरवावे आणि ते प्रत्येक मोठ्या सेवेवर शोधून पाहावे. मराठीत नाव-आडनावाच्या जोड्या इतक्या सारख्या असतात की त्याच नावाचे दुसरे कोणी तिथे आधीच गात असण्याचा संभव मोठा आहे. तसे असेल तर मधले नाव, गावाचे नाव किंवा वेगळे टोपणनाव जोडावे. रोमन लिपीतले लेखनही याच वेळी पक्के करावे. 'दीक्षित' हे आडनाव कोणी एक 'आय' घालून लिहितो, कोणी दोन 'ई' घालून. एकाच माणसाने तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिले तर यंत्राच्या दृष्टीने ते तीन कलाकार होतात. एकदा ठरवलेले लेखन खात्याच्या पत्त्यात, वितरकाच्या म्हणजे गाणे या सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या अर्जात आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेत अक्षर न बदलता वापरावे.

हे मी स्वतः ठेच लागून शिकलो आहे. माझे पहिले गाणे एका वितरक कंपनीमार्फत प्रकाशित झाले, तेव्हा अर्जात 'या नावाचा कलाकार आधीपासून अस्तित्वात आहे का' या प्रश्नाकडे मी लक्ष दिले नाही. गाणे उत्तर भारतातल्या, माझ्याच नावाच्या एका भजनगायकांच्या पानावर जाऊन बसले. माझ्या ओळखीच्या लोकांनी माझे नाव शोधून त्यांची भजने ऐकली आणि त्यांच्या श्रोत्यांना माझे प्रेमगीत ऐकावे लागले. कंपनीला चार वेळा लिहून ते हलवून घेईपर्यंत दोन महिने गेले, आणि गाणे नवे असतानाचे जे थोडे दिवस असतात ते संपून गेले. त्यामुळे पहिल्याच गाण्याच्या वेळी 'नवा कलाकार' हा पर्याय निवडावा, आणि दुसऱ्या गाण्यापासून आपल्या पानाचा दुवा न चुकता भरावा.

दुसरी पायरी : ऐकवण्याजोगा आवाज

महागडा स्टुडिओ लागतोच असे नाही, पण शांतता लागते, आणि पुण्यात ती वेळ पाहून मिळवावी लागते. गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यांत नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की डेक्कन आणि नारायण पेठेच्या परिसरात संध्याकाळचे ध्वनिमुद्रण जवळजवळ अशक्य होते. ढोलाचा खर्ज बंद खिडकीतूनही आत येतो आणि नंतर कितीही प्रयत्न केला तरी गाण्यातून काढता येत नाही. तेव्हा पहाटेची किंवा रात्री उशिराची वेळ धरावी. भिंतीशी समांतर उभे न राहता कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर गावे, मागे दोरीवर एखादी जाड गोधडी टाकावी, आणि फ्रिज व पंखा बंद करावा. घरातल्या माणसांना कुकर लावण्याची वेळ विचारून घ्यावी, हेही मी गांभीर्याने सांगतो, कारण शिटी नेमकी समेवर येते. केबल, स्टँड, अडॅप्टर असल्या वस्तू तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतात. मायक्रोफोन मात्र दुसऱ्याचा वापरून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये.

अंतिम फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ किंवा २४ बिट अशी काढावी. प्रत्येक सेवा आपल्या सोयीने फाइल दाबून लहान करते. आपण आधीच एमपी३ चढवली तर ती दोनदा दाबली जाते आणि तंबोऱ्याची आस, झांजेचा उमटणारा नाद आणि 'स', 'श' ही व्यंजने आधी बिघडतात. एमपी३ फाइलचे नुसते नाव किंवा स्वरूप बदलून ती डब्ल्यूएव्ही केल्याने गेलेला ध्वनी परत येत नाही.

आवाजाच्या पातळीविषयी नव्या लोकांचा मोठा गैरसमज असतो. गाणे जितके मोठ्याने वाजेल तितके उठून दिसेल, असे समजून ते मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार गाण्याची पातळी ठरवण्याच्या शेवटच्या टप्प्यात, ठासून भरले जाते. स्पॉटिफाय सर्व गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) या सरासरी पातळीवर आणून वाजवते, म्हणजे ठासून भरलेले गाणे तिथे खाली ओढले जाते आणि इतरांइतक्याच आवाजात, पण सपाट ऐकू येते. आवाजाचे सर्वांत वरचे टोक उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. तयार झालेले गाणे हेडफोनवर, फोनच्या छोट्या स्पीकरवर आणि शक्य झाल्यास चालत्या रिक्षात ऐकावे. त्या तिन्ही ठिकाणी शब्द कळले तर मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्यांचा मेळ, झाले असे मानावे. मराठी श्रोता शब्द धरून ऐकतो, त्यामुळे आवाज वाद्यांच्या किंचित पुढे ठेवणे सहसा चुकत नाही.

तिसरी पायरी : शब्द कोणाचे, चाल कोणाची

ही पायरी पुष्कळजण वगळतात आणि नंतर गाणे उतरवले गेले की हळहळतात. आपल्याकडे कवितांना चाली लावण्याची परंपरा मोठी आहे, आणि बहुतेक नव्या संगीतकारांच्या वहीतली पहिली रचना एखाद्या आवडत्या कवितेचीच असते. भारतात कवीच्या हयातीत आणि त्यांच्या निधनानंतर पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. बालकवींचे निधन १९१८ साली झाले, त्यामुळे त्यांच्या कवितेला चाल लावण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मर्ढेकर १९५६ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या कविता २०१७ पासून मुक्त आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणून त्यांच्या कवितेवरचा हक्क २०५९ च्या अखेरीपर्यंत राहील आणि त्यासाठी हक्कधारकांकडून लेखी परवानगी घ्यावीच लागेल. ती मागायला संकोचू नये. आपण चाल लावलेली कविता सोबत ऐकवून नम्रपणे लिहिलेल्या पत्राला चांगले उत्तर आल्याचे मी पाहिले आहे.

संतांच्या अभंगांचे शब्द सर्वांचे आहेत, परंतु एखाद्या संगीतकाराने विसाव्या शतकात बांधलेली चाल सर्वांची नाही. 'पारंपरिक' म्हणून आपण लहानपणापासून ऐकलेली चाल बहुतेक वेळा कोणा एकाची असते, म्हणून ती कोणाची आहे हे आधी शोधावे, किंवा सरळ स्वतःची नवी चाल करावी. दुसऱ्याच्या प्रकाशित गाण्याची आपली आवृत्ती काढण्याची सोय कायद्यात आहे, पण ती मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे झाल्यानंतर, आगाऊ सूचना आणि मानधन देऊनच. पहिले प्रकाशन स्वतःच्या रचनेचे असावे असा माझा आग्रह आहे, आणि त्याचे कारण केवळ कायदा नाही. दुसऱ्याचे गाजलेले गाणे शोधणाऱ्याला मूळ गायकाची आवृत्ती आधी दिसते आणि आपण त्या गर्दीत विसाव्या क्रमांकावर राहतो.

मित्राने शब्द लिहिले, आपण चाल लावली, तिसऱ्याने वाद्यमेळ केला, अशा वेळी कोणाचा किती वाटा हे एका कागदावर लिहून तिघांनी सह्या कराव्यात. मैत्री आहे म्हणून हे टाळू नये. मैत्री टिकावी म्हणूनच हे करायचे असते. गीतकार आणि संगीतकार यांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व घेण्याचा विचार करावा. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था शब्द आणि चाल यांच्या सार्वजनिक वापराचे मानधन गोळा करून वाटते, आणि ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नापेक्षा ते वेगळे असते.

चौथी पायरी : कोणती जागा कशासाठी

सगळीकडे एकदम खाती उघडून प्रत्येक ठिकाणी तेच चिकटवणे, ही दमण्याची हमखास रीत आहे. प्रत्येक सेवेचा स्वभाव निराळा आहे, आणि तो ओळखून तिला एकेक काम द्यावे.

साउंडक्लाउड २००७ साली स्टॉकहोममध्ये सुरू झाले आणि पुढे बर्लिनमध्ये स्थिरावले. संगीतकारांनी एकमेकांना अपुऱ्या, चालू कामाच्या फाइली सहज दाखवाव्यात हा त्यामागचा मूळ विचार होता, आणि आजही ते त्याच कामासाठी सर्वांत चांगले आहे. तिथे वितरक लागत नाही. फाइल चढवली की काही मिनिटांत गाणे वाजू लागते. विनामूल्य खात्यावर एकूण किती वेळाचे ध्वनिमुद्रण ठेवता येईल याला मर्यादा असते, म्हणून जुने कच्चे मिक्स वेळोवेळी काढून टाकावेत. गाणे 'खासगी' ठेवून फक्त दुवा असलेल्यालाच ऐकू येईल अशी सोय आहे, आणि प्रकाशनापूर्वी निवडक आठ-दहा कानांपुढे गाणे ठेवण्यासाठी मी ती नेहमी वापरतो.

तिथली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गाण्याच्या लाटेसारख्या आकृतीवर, नेमक्या त्या क्षणावर, अभिप्राय लिहिता येतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने आपल्या गाण्याचा खासगी दुवा नऊ जणांना पाठवला होता. त्यातल्या पाच जणांचे अभिप्राय एक मिनिट दहा सेकंदांच्या आसपास चिकटले होते. तिथे पहिला अंतरा संपून सारंगी एकटी येते. कोणी "हे अजून थोडं हवं होतं" असे लिहिले होते, कोणी नुसताच बदामाचा आकार टाकला होता. एक मिनिट पन्नास सेकंदांनंतर मात्र कोणाचाच शब्द नव्हता. त्याने सारंगीचा तुकडा चार मात्रांनी वाढवला आणि शेवटचा, तोच तो तिसरा अंतरा काढून टाकला. "कसं वाटलं?" असे तोंडी विचारले असते तर नऊही जणांनी "छान" म्हटले असते.

साउंडक्लाउडवर नुसते गाणे टाकून वाट पाहणाऱ्याकडे कोणी येत नाही. आपल्यासारखे संगीत करणारे वीस-पंचवीस कलाकार शोधावेत, त्यांची गाणी खरोखर ऐकावीत, नेमक्या क्षणावर नेमका अभिप्राय लिहावा, आणि मनापासून आवडलेले गाणे आपल्या पानावर पुन्हा प्रसारित करावे. "माझंही ऐका" असे कोणाच्याही गाण्याखाली लिहू नये; आपल्या अभिप्रायात कान दिसला तर समोरचा आपणहून आपल्या पानावर येतो. अमेरिकन गायिका बिली आयलिशचे उदाहरण नेहमी चमत्कार म्हणून सांगितले जाते, पण त्यातला तपशील जास्त शिकवणारा आहे. २०१५ साली तिच्या भावाने केलेले गाणे साउंडक्लाउडवर चढवले गेले ते तिच्या नृत्यशिक्षकांना नृत्य बसवण्यासाठी हवे होते म्हणून. म्हणजे त्या गाण्याला पहिल्या दिवसापासून त्याची वाट पाहणारा एक ठरलेला श्रोता होता.

बँडकॅम्पवर श्रोता गाणे विकत घेतो आणि किंमत कलाकार ठरवतो. 'किमान अमुक, पुढे तुमच्या मनाने' असेही ठेवता येते. कंपनी डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि सीडी, कॅसेट, टी-शर्ट यांवर १० टक्के घेते. एकच अडचण ध्यानात ठेवावी. तिथली रक्कम पेपॅलमार्फत येते, आणि पेपॅलने भारतातले देशांतर्गत व्यवहार एप्रिल २०२१ पासून बंद केले आहेत, त्यामुळे भारतातल्या कलाकाराला बँडकॅम्पचा उपयोग मुख्यतः परदेशातल्या श्रोत्यांसाठी होतो. वाद्यसंगीत, प्रयोगशील ध्वनी, इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांना तिथे चोखंदळ श्रोते मिळतात. भावगीतासारखे गाणे करणाऱ्याने पहिल्या वर्षी तिथे फार वेळ घालवू नये, असे माझे मत आहे.

मराठी श्रोता सर्वांत जास्त असतो तो यूट्यूबवर, आणि त्या काकूही तिथेच शोधत होत्या. चित्रफीत महाग असण्याची गरज नाही. स्वच्छ टायपात, शुद्ध लिहिलेले गाण्याचे शब्द पडद्यावर आले तरी लोक समाधानाने ऐकतात. शीर्षकात आधी गाण्याचे नाव मराठीत, मग तेच रोमन लिपीत आणि शेवटी कलाकाराचे नाव असावे. गाण्याचे नाव शक्यतो ध्रुवपदातल्या शब्दांवरूनच ठेवावे, कारण ऐकणाऱ्याच्या लक्षात तेवढेच राहते. वर्णनात संपूर्ण गीत लिहावे, कारण पुष्कळ लोक गाण्याचे नाव न आठवता मधलीच एखादी ओळ टाकून शोधतात. तिथून जाहिरातींचे उत्पन्न सुरू होण्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी दृश्ये, अशी अट आहे. पहिल्या वर्षी तिचा विचार न केलेलाच बरा.

पाचवी पायरी : वितरक आणि अर्जातले रकाने

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन यांसारख्या सेवांवर गाणे पोहोचवण्यासाठी वितरक लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, सीडी बेबी ही त्यांतली परिचित नावे आहेत. कोणी वार्षिक वर्गणी घेतो, कोणी प्रत्येक प्रकाशनाचे पैसे, कोणी उत्पन्नातला हिस्सा. निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात : वर्गणी थांबवली तर गाणी उतरवली जातात का, भारतीय बँक खात्यात पैसे कसे येतात, आणि तक्रार केल्यावर माणूस उत्तर देतो का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत मिळत नाही, ते आधी वापरलेल्या कलाकारालाच विचारावे.

अर्ज भरताना घाई करू नये, कारण श्रोत्याने शोधलेला शब्द आणि आपले गाणे यांची गाठ याच रकान्यांत पडते. भाषा 'मराठी' निवडावी. यादीत हिंदी आधी दिसते म्हणून ती निवडली की गाणे चुकीच्या श्रोत्यांपुढे जाते. गीतकार आणि संगीतकार यांची पूर्ण नावे लिहावीत, टोपणनावे नव्हेत. शीर्षकाच्या रकान्यात फक्त शीर्षक असावे. 'नवीन मराठी गाणे', 'अधिकृत' असली जोड तिथे चालत नाही. मुखपृष्ठाचे चित्र ३,००० बाय ३,००० पिक्सेलचे चौकोनी असावे, आणि त्यावर फोन क्रमांक, संकेतस्थळ किंवा कोणत्याही सेवेचे बोधचिन्ह नसावे, नाहीतर अर्ज परत येतो.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षरांचा सांकेतिक क्रमांक मिळतो. वितरक तो देतोच, पण तो आपल्या वहीत उतरवून ठेवावा. पुढे वितरक बदलायची वेळ आली तर तोच क्रमांक, तीच फाइल आणि तेच तपशील पुन्हा दिल्यास जुन्या ऐकण्याची मोजणी सहसा टिकते. नवा क्रमांक घेतला तर गाणे शून्यापासून सुरू होते.

'कंटेंट आयडी हवे का?' या प्रश्नाला विचार करून उत्तर द्यावे. या सोयीमुळे यूट्यूबवर कोणी आपले गाणे वापरले तर ते ओळखले जाते. मात्र गाण्यात बाजारात सर्वांना मिळणारे तयार तबला-लूप किंवा तंबोऱ्याचे नमुने असतील तर ती घेऊ नये, कारण तोच नमुना वापरणाऱ्या दुसऱ्या निरपराध कलाकारावर आपला दावा जातो. शिवाय आपल्याच चॅनेलवरच्या चित्रफितीवरही दावा लागू शकतो, म्हणून आपले चॅनेल वगळण्यास वितरकाला आधीच कळवावे.

सहावी पायरी : प्रकाशनाचा महिना

जगभर नवी गाणी शुक्रवारी प्रकाशित करण्याची प्रथा २०१५ पासून आहे. वार कोणताही निवडा, पण गाणे वितरकाकडे किमान चार आठवडे आधी द्यावे. त्यामुळे 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स' या कलाकारांच्या विभागातून ते संपादकांपुढे ठेवायला वेळ मिळतो. ही विनंती प्रकाशनापूर्वीच करता येते आणि ती निदान सात दिवस आधी केली तर आपल्या अनुयायांच्या 'रिलीज रडार' यादीत गाणे दिसते. संपादकांसाठीच्या मजकुरात "माझे गाणे अप्रतिम आहे" अशा वाक्याचा उपयोग नसतो. गाणे कोणत्या प्रकारचे, त्यात कोणती वाद्ये, ते कोणत्या भागातून आले आणि आपण त्याच्यासाठी काय करणार आहोत, हे लिहावे. 'पुण्यात ध्वनिमुद्रित केलेले मराठी गीत, आवाज, गिटार आणि संबळ, प्रकाशनाच्या आठवड्यात शहरात दोन घरगुती बैठका' एवढ्यात चित्र उभे राहते. निवड न होणे हेच बहुतेकांच्या वाट्याला येते. त्याने खचू नये.

प्रकाशनाच्या दिवशी पन्नास माणसांना वेगवेगळा संदेश पाठवावा. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला दोन संध्याकाळी लागतात, आणि माझ्या अनुभवात याहून उपयोगी दुसरे काहीही नाही. "अनुराधामावशी, तू पावसाळ्यात अंगणात म्हणायचीस त्या ओव्यांची आठवण धरून हे केलंय, ऐकून सांग" असा संदेश मावशी उघडतेच, आणि तिच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात तो संध्याकाळपर्यंत पोहोचलेला असतो. नेहमी दुवाच पाठवावा, फाइल नव्हे. फाइल पाठवली की ती गावभर फिरते, पण कोण ऐकते ते कळत नाही, सेवेकडे त्याची नोंद होत नाही, आणि चौथ्या गटात पोहोचेपर्यंत तिच्यावरचे आपले नावही गळून पडलेले असते. ज्येष्ठ मंडळींकडे स्पॉटिफाय नसते. त्यांना यूट्यूबचा दुवा द्यावा.

पुण्यात गाणे ऐकवण्याच्या जागा कमी नाहीत. घरगुती बैठका आहेत, महाविद्यालयांचे कट्टे आहेत, फिरोदिया करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या निमित्ताने दर वर्षी नवे संगीतकार एकमेकांना भेटतात, आणि १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने या शहराला तासन्‌तास बसून ऐकायची सवय लावली आहे. प्रत्येक कार्यक्रमात बाहेर पडण्याच्या दारापाशी क्यूआर कोडचा फलक ठेवावा, मंचाशेजारी नव्हे, कारण लोक गाणे शोधतात ते चपला घालताना. त्या कोडने थेट गाण्याकडे न्यावे, दहा दुव्यांच्या पानाकडे नव्हे. फलकावर मोठ्या मराठी अक्षरांत गाण्याचे नाव लिहावे, म्हणजे ज्यांना कोड वापरायचा नाही त्यांना तेच शब्द टाइप करता येतील.

सातवी पायरी : काय विकत घेऊ नये

"एका आठवड्यात दहा हजार ऐकणारे" देऊ करणारे संदेश पहिल्या गाण्यानंतर लगेच येऊ लागतात. ते ऐकणारे यंत्रे असतात. सेवा ते ओळखतात, मोजणी रद्द करतात, वितरकाकडून दंड वसूल होतो आणि वितरक गाणेच उतरवतो. याहून वाईट म्हणजे यंत्रांच्या वागण्यावरून सेवेने आपल्या गाण्याचे जे शेजारी, म्हणजे त्याच्यासोबत सुचवायची गाणी, ठरवलेले असतात ते चुकीचे असतात, आणि खऱ्या श्रोत्यापुढे ते गाणे जात नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याचे मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकणे झालेले नाही त्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही, आणि या आकड्याच्या धास्तीने पुष्कळजण या सापळ्यात जातात. एक वेळचे ऐकणे मोजले जाते ते ३० सेकंद झाल्यावर. म्हणून पैसे खर्च करण्याऐवजी गाण्याची सुरुवात तपासावी. पाऊण मिनिटाचा आलाप मैफलीत शोभतो, परंतु फोनवर पहिल्यांदा ऐकणारा तितका थांबत नाही. आलाप गाळा असे मी म्हणत नाही. तो वेगळ्या, विस्तृत आवृत्तीत ठेवावा आणि दोन्ही प्रकाशित कराव्यात.

आठवी पायरी : तीन महिन्यांनी आकडे वाचताना

रोज आकडे पाहू नयेत. महिन्यातून एकदा वहीत उतरवावेत. एकूण ऐकण्यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात : किती जणांनी गाणे जपून ठेवले, आणि ते कोणत्या शहरांतले आहेत. दोनशे ऐकणाऱ्यांतले चाळीस जण गाणे जपून ठेवत असतील तर ते गाणे बळकट आहे आणि त्याला अधिक लोकांपुढे न्यावे. दोन हजारांतले दहाच जपत असतील तर लोक कुठून येत आहेत हे तपासावे, आणि पुढचे गाणे करायला घ्यावे.

शहरांच्या यादीत पुणे आणि मुंबई असणारच. त्यांच्याखाली अनपेक्षित नाव दिसले तर तिथे थांबावे. सुरुवातीला सांगितलेल्या गायिकेने त्या संध्याकाळनंतर गाण्याचे नाव बदलून ध्रुवपदाचे शब्द ठेवले, मराठी आणि रोमन दोन्ही लिपींत लिहिले आणि वर्णनात पूर्ण गीत घातले. काही महिन्यांनी तिच्या यादीत सांगलीचे नाव तिसऱ्या क्रमांकावर आले. तिथे तिचे कोणीही नव्हते. तिने गाण्याखालचे अभिप्राय पुन्हा वाचले, तेव्हा तिथल्या एका शाळेतल्या संगीतशिक्षिकेने ते गाणे स्नेहसंमेलनात मुलींकडून बसवून घेतल्याचे लिहिलेले सापडले. तिने त्या बाईंना उत्तर लिहिले, स्वरलिपी आणि गायनाशिवायचा, नुसत्या वाद्यांचा ट्रॅक पाठवला, आणि येत्या मार्चमध्ये ती तिथे एका घरी पस्तीस-चाळीस माणसांपुढे गाणार आहे.